टुटूंनी माफीचं दुकान मांडलं होतं?

दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्याविषयी एक मजकूर सध्या फिरतोय. म्हणे वर्णद्वेषी राजवटीतले खुनी टुटूंच्या सत्य व सलोखा आयोगापुढे (त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला राजवट गेल्यावर नेमलेला, अध्यक्ष टुटू) आले, रडले आणि सरसकट माफी घेऊन घरी गेले. शिवाय टुटू हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे (वर्णद्वेषाविरुद्ध लढून पुढे सत्तेवर आलेला पक्ष) हस्तक, आणि १९८४चं शांततेचं नोबेल मिळाल्यावर ते गारठले.

आधी रडण्याचं बघू. रडले ते टुटू स्वतः. एप्रिल १९९६, दक्षिण आफ्रिकेतल्याच ईस्ट लंडन शहरातली आयोगाची पहिली सुनावणी. पोलिसी छळानं अधू झालेल्या माणसाची हकिगत ऐकताना त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. माफीच्या कायद्यात अश्रूच काय, पश्चात्तापाचीही अट नव्हती. कृत्यामागे राजकीय हेतू हवा आणि सगळं खरं सांगायला हवं, एवढंच. (मला खटकतं ते हेच. ‘चुकलो’ न म्हणताही सुटता येत होतं.)

आणि सरसकट? अर्ज आले ७,११२, मंजूर झाले ८४९. वर्णद्वेषविरोधी लढ्यातले नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूप्रकरणी पोलिसांनी केलेले अर्ज फेटाळले गेले, त्याच लढ्यातले नेते ख्रिस हानींच्या मारेकऱ्यांचेही. हे निकाल टुटू देत नव्हते. त्यासाठी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती होती. राग काढायचाच तर पुढच्या सरकारांवर काढा. आयोगानं तीनशेहून अधिक प्रकरणं खटल्यांसाठी सोपवली. त्यातली बहुतेक धूळ खात पडली.

हस्तक म्हणावं, तर आयोगाच्या १९९८च्या अहवालात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्याच छावण्यांतले अत्याचार नोंदले गेले, म्हणून पक्ष अहवाल रोखायला कोर्टात धावला आणि हरला. २०११मध्ये टुटूंच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी निघालेल्या दलाई लामांचा व्हिसा रखडला, तेव्हा याच पक्षाचं सरकार वर्णद्वेषी राजवटीपेक्षा वाईट आहे, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं.

राहिलं गारठणं. नोबेलनंतर वर्षही झालं नव्हतं. जुलै १९८५, दुदुझा वस्तीतली एक अंत्ययात्रा. पोलिसांचा खबऱ्या म्हणून जमावानं एकाला धरलं, जिवंत जाळायच्या बेतात होते. टुटू आणि एक सहकारी बिशप झगे सावरत गर्दीत घुसले आणि त्याला बाहेर काढलं. जमाव टुटूंच्याच बाजूचा होता. त्याच महिन्यात तिथे एका तरुणीला खरोखरच जाळून मारलं. पुढच्या अंत्यविधीत टुटू आपल्याच लोकांना म्हणाले, हे असंच चालणार असेल तर मी बायकापोरं घेऊन हा देश सोडतो.