देगलूरची गार आणि हट्टीचं सोनं : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिता : "सर, मराठवाडा म्हणजे सगळा काळा दगड, इथे सोन्याचं नावही काढू नका, असं तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. आमच्या देगलूरकडे तांबडा ग्रॅनाइट आहे. आमच्या बांधावरून दोन हात रुंद गारेची, म्हणजे पांढऱ्या क्वार्ट्झची, शीर गेलीय. कर्नाटकात रायचूरकडे असलेली हट्टीची सोन्याची खाणही निजामाच्याच राज्यातली, आणि तिथलं सोनं गारेतूनच निघतं. एक जण मशीन लावून जागा दाखवायला तयार आहे. तुम्ही मात्र शेतकऱ्याला आधीच गप्प बसवता."

ते वाक्य चुकलंच, आणि ते मी दुरुस्त करतो. देगलूर, बिलोली, मुखेडच्या भागात बेसाल्टची, म्हणजे काळ्या दगडाची, चादर झिजून गेली आहे आणि तिच्याखालचा पुराणा ग्रॅनाइट आणि नाइस (दाब-उष्णतेने पट्टेदार झालेला खडक) उघडा पडला आहे. जिथे काळा दगड शाबूत आहे तिथेही तो अथांग नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचं बोअर घेतलं गेलं. त्यात बेसाल्ट ३३८ मीटरला संपला, मग थोडा गाळाचा थर लागला आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा खडक. हजार फूट बोअर मारून पाणी लागलं नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो. किल्लारीत तेवढ्या खोलीवरही काळा दगड शंभरेक फूट उरलेलाच असतो.

पण जुना खडक आहे आणि त्यात गार आहे, एवढ्यावरून हट्टीशी नातं जुळत नाही. हट्टीचं सोनं ग्रॅनाइटमध्ये नाही. ते आहे रूपांतरित झालेल्या प्राचीन लाव्हाच्या, म्हणजे हिरवट-काळ्या, लोहाने भरलेल्या खडकाच्या पट्ट्यात. तो पट्टा जिथे दाबाने चिरडला आणि सरकला, तिथल्या भेगांतून खोलवरचं तप्त पाणी वर चढलं. त्या पाण्यात सोनं गंधकाशी जोडी करून विरघळलेलं होतं. वाटेत भेटलेल्या लोहाने गंधक ओढून घेतलं, त्याचं पायराइट झालं आणि जोडी तुटलेलं सोनं तिथेच बसलं. भेग एकदम उघडली की दाब कोसळतो, तेव्हाही तसंच घडतं. गार त्याच पाण्यातून साकळते. म्हणून गार ही पाणी गेल्याची खूण आहे. त्या पाण्यात काय होतं, ते गारेच्या रंगावरून कळत नाही. तांबड्या ग्रॅनाइटमध्ये लोह थोडं, त्यामुळे गंधक ओढून घेणारं तिथे फारसं कुणी नाही. शिवाय ग्रॅनाइट थिजताना शेवटी उरलेल्या रसातूनही पांढरीशुभ्र गार तयार होते. तुमच्या शिरेच्या कडेला फेल्डस्पार या ग्रॅनाइटमधल्याच गुलाबी खनिजाचे मोठे तुकडे आणि अभ्रक असेल, तर ती बहुधा त्याच जातीची.

हट्टीचा इतिहास तुम्ही काढलात, याचा मला आनंद झाला. मला मात्र त्यातून वेगळं दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी तिथे आग लावून खडक तडकवला आणि सहाशे फुटांहून खोल उतरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कंपनीने खाण चालवली, ती १९२०च्या सुमारास बंद पडली, मग १९४७मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन होऊन काम पुन्हा उभं राहिलं. नव्यांना वाट दाखवली ती जुन्यांच्या खड्ड्यांनी. शेजारच्या मस्कीला अशोकाचं नाव असलेला शिलालेख १९१५मध्ये सापडला, तोही सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला. हा सगळा मुलूख सोनं शोधणाऱ्यांच्या पायांखालून गेलेला आहे. म्हणून मी विचारतो : तुमच्या शिवारात जुने खड्डे आहेत का? गार कुटायच्या दगडी उखळ्या, खळगे पडलेल्या शिळा? सहाशे फूट खाली जाणारी माणसं उघड्यावरची शीर सहज सोडून गेली असतील, असं मला वाटत नाही. हा पुरावा नाही, अंदाज आहे, पण मला तो वजनदार वाटतो.

महाराष्ट्रात सोन्याचे अंश मिळालेच नाहीत, असंही नाही. भंडारा-नागपूरकडच्या साकोली पट्ट्यात ते आहेत. तिथेही खडक हट्टीसारख्या पट्ट्याचाच आहे.

आता त्या मशीनवाल्याबद्दल. त्याला एक रुपयाही देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. चालू खाणीतसुद्धा टनभर दगडात काही ग्रॅमच सोनं असतं. जमिनीवरून फिरवून ते दाखवणारं यंत्र नाही. आणि खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ प्रमाणे परवान्याशिवाय सोन्याचं पूर्वेक्षण, म्हणजे शोधकाम, करता येत नाही, शेत स्वतःचं असलं तरी.

चमकणारे पिवळे कण दिसले असतील, तर एक कण सुईने दाबून बघा. सोनं चेपतं, पायराइटचा चुरा होतो. आणि शिरेचे फोटो मला पाठवा. निव्वळ पांढऱ्या गारेचे नकोत. गार आणि ग्रॅनाइट जिथे भेटतात त्या कडेचे, दोन्ही बाजूंनी, जवळ एखादं नाणं ठेवून. तिथे गंजाचा तपकिरी पट्टा किंवा गंधकी खनिज झिजून पडलेली चौकोनी भोकं दिसली, तर पेरणीआधी मी स्वतः येतो. आपण भूविज्ञान शिकवणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन ती शीर बघू.