कव्हरेज रिपोर्टची रोजची कटकट

रात्री क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावा, सकाळी कव्हरेज रिपोर्ट, म्हणजे टेस्टनी किती टक्के कोड चालवून बघितला त्याचा हिशोब, तयार. बोलायला काय जातंय! कोणीतरी सर्व्हरवर जीसीसी हा कंपायलर अपडेट करतं, त्याच्या जोडीचं कव्हरेज मोजणारं जीकोव्ह जुनंच राहतं, आणि लॉगभर व्हर्जन जुळत नाही म्हणून बोंब. ते निस्तरावं तर कालच्या जीसीडीए फायली (कोडचा कोणता भाग किती वेळा चालला त्याची नोंद) तशाच पडलेल्या. आजच्या कोडशी त्यांचा ताळमेळ बसणार कसा? त्या पुसायची ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली, की कोणी शहाणा 'वेळ वाचवायला' ती काढणारच. त्यात टेस्ट क्रॅश झाली की आकडे गायब, कारण ते प्रोग्राम नीट बंद होतानाच फाइलीत उतरतात. टक्के घसरले की सगळे माझ्या मागे: 'कव्हरेज का पडलं?' अरे, आधी ती क्रॅश झालेली टेस्ट बघा ना! ती बघायला मात्र एकालाही सवड नाही.