ते चित्र तिथे कोणी ठेवलं?

गेममधल्या एआय चित्रांचा विषय निघाला की चर्चा हमखास बोटांवर येऊन थांबते. डिसेंबर २०२४ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ६'च्या लोडिंग स्क्रीनवर एक झोंबी सांताक्लॉज आला. त्याच्या हाताला सहा बोटं दिसत होती आणि पुढे बरेच दिवस त्याचे स्क्रीनशॉट फिरत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, त्या गेमच्या पानावर एक ओळ आली, की काही ॲसेट (गेममधली चित्रं, आवाज वगैरे) बनवताना जनरेटिव्ह एआयची मदत घेतली जाते.

मला बोटांचा मुद्दा कामाचा वाटत नाही. बोटं सुधारतात, बरीचशी सुधारलीही आहेत. उद्या एआयचं चित्र अगदी निर्दोष निघालं तरी माझा विरोध तसाच राहील, आणि का राहील ते एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गेममध्ये चित्र बघून आपण काहीतरी करतो. उडी मारायची की थांबायचं, समोरचा शत्रू जवळून वार करणारा आहे की लांबून, या दारामागे काही असेल का, हे सगळं आपण डोळ्यांनी ठरवतो. ते ठरवताना एक गोष्ट धरूनच चाललेलो असतो, की समोर जे दिसतंय ते कुणीतरी विचार करून तिथे ठेवलंय. या भरवशाशिवाय गेम खेळताच येत नाही. एआयचं चित्र नेमका तो भरवसा मोडतं.

मारिओ घ्या. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये त्या आकृतीसाठी शिगेरू मियामोतो यांच्याकडे अगदी मोजके पिक्सेल आणि त्याहून मोजके रंग होते. एवढ्याशा जागेत तोंड काढता येईना, म्हणून मोठं नाक आणि मिशी आली. केस दाखवणं अवघड, म्हणून टोपी आली. हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी म्हणून डंगरी आली. आज जगभर ओळखला जाणारा तो चेहरा म्हणजे एका माणसाने अडचणीला दिलेली उत्तरं आहेत. त्यातला एकही पिक्सेल 'असाच' आलेला नाही.

किंवा 'टीम फोर्ट्रेस २' बघा, २००७ चा. त्यात नऊ प्रकारची पात्रं आहेत आणि प्रत्येकाची बाह्यरेषा अशी घडवली आहे, की लांबून नुसती आकृती दिसली तरी कोण चालून येतंय ते कळावं. रंगावरून संघ कळतो. रंगांमधला फरक छातीच्या आसपास सर्वांत ठळक ठेवला आहे, कारण हत्यार तिथे धरलेलं असतं आणि खेळणाऱ्याची नजर आधी तिथे जायला हवी. हा गेम बनवणाऱ्या वाल्व कंपनीच्या लोकांनी यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्यावसायिक चित्रकारांची शैली त्यांनी कशी अभ्यासली, तेही त्यात आहे. गेम आर्टिस्ट दिवसभर काय करतो असं कुणी विचारलं, तर मी हेच उदाहरण देते.

आणि माझा सगळ्यात लाडका, लुकास पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८). चित्रं, प्रोग्रामिंग, संगीत, जवळजवळ सगळं एकट्या माणसाने केलेलं. पडद्यावर एका वेळी दोनच रंग. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज रिकामं परत आलंय आणि त्यावरच्या ६० जणांपैकी कोण कोण होतं, कुणाचं काय झालं, हे आपण शोधायचं. कसं? तर बघून. झोपायच्या झोळीवरचा क्रमांक बघून, अंगावरचा गणवेश बघून, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते बघून. अशा गेममध्ये चित्र साक्ष देतं. तुम्ही त्याची उलटतपासणी करता आणि ते दर वेळी खरं बोलतं, कारण काढणाऱ्याला प्रत्येक माणसाचं नशीब आधीच ठाऊक होतं.

आता हेच जहाज एआयने भरलंय अशी कल्पना करा. चित्रं बनवणारं एआय, म्हणजे डिफ्यूजन मॉडेल, विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि दिलेल्या शब्दांशी जुळेल असं संभाव्य चित्र टप्प्याटप्प्याने साफ करत बाहेर काढतं. टेबलावर सहसा काहीतरी असतं, म्हणून ते काहीतरी ठेवतं. खलाश्याच्या दंडावर सहसा गोंदण असतं, म्हणून गोंदण काढतं. त्या गोंदणाला अर्थ आहे का, या प्रश्नाला तिथे उत्तरच नसतं, कारण तो विचार करणारं कुणी तिथे नव्हतं. चित्र सुंदर असेल. साक्षीदार म्हणून ते निरुपयोगी आहे.

माझ्याबाबतीत असं घडलंय. एका गूढ गेममध्ये (छोट्या टीमचा आहे, नाव घेत नाही) एका तसबिरीपाशी मी कितीतरी वेळ थांबले होते. चित्रातल्या बाईच्या गळ्यातल्या लॉकेटवर खूण होती, मागे खिडकीतून घड्याळाचा मनोरा दिसत होता आणि त्याचे काटे विचित्र कोनात होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढे कळलं की तसबिरी एआयने बनवलेल्या आहेत आणि त्यांचा कथेशी काही संबंध नाही. वेळ वाया गेल्याचं मला फार वाटलं नाही. खरं नुकसान नंतर झालं. पुढच्या प्रत्येक खोलीत मी भिंतींकडे बघणं सोडून दिलं. गेम लिहिणाऱ्याने पुढे कुठे खरोखरच काही दडवलं असेल, तर ते माझ्या नजरेतून गेलं आणि मला ते कधी कळणारही नाही. 'अहो, पार्श्वभूमीच तर आहे, कोण बघतंय' असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की कुठली गोष्ट पार्श्वभूमी आहे हे खेळणाऱ्याला आधी माहीत नसतं. ते शोधत फिरण्यातच अर्धी मजा आहे.

यावर एक प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. संगणकाने बनवलेलं जग गेमला काही नवं नाही. १९८० चा 'रोग' (Rogue) हा गेम दर वेळी नवी तळघरं रचत होता. १९८४ च्या 'एलिट'मध्ये आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि हे सगळं आजच्या एखाद्या फोटोपेक्षाही कमी जागेत. 'नो मॅन्स स्काय' तर अब्जावधींच्याही पलीकडचे ग्रह तयार करतो. मग ते चालतं आणि हे का नाही? कारण तिथले नियम कुणीतरी लिहिलेले असतात. खोली किती मोठी असावी, जिना कुठे यावा, कुठल्या ग्रहावर कुठला प्राणी शोभेल, हे ठरवणारा माणूस असतो. नियम जमले नाहीत तर तो ते बदलतो. खेळणारेही हळूहळू ते नियम शिकतात आणि त्यावर पैज लावतात. 'रोग'मध्ये अक्षरांचे राक्षस होते, तरी प्रत्येक अक्षराला ठरलेला अर्थ होता. प्रॉम्प्टमधून, म्हणजे एआयला दिलेल्या शब्दांतून, निघालेल्या चित्रात शिकण्यासारखा नियम नसतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, पैशांचा. एकटा प्रोग्रामर, चित्र काढता येत नाही, कलाकाराला द्यायला पैसे नाहीत. त्याने काय करावं? अशा लोकांबद्दल मला मनापासून आपुलकी आहे आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांमध्ये मी नाही. पण या माध्यमाचा इतिहास अशाच लोकांनी घडवलाय हेही खरं. २०१२ चा 'थॉमस वॉज अलोन' बघा. पात्रं म्हणजे निव्वळ रंगीत आयत. एक उंच, एक बुटका, एक जाडजूड. प्रत्येकाची उडी वेगळी, स्वभाव वेगळा, आणि त्या आयतांवर लोकांनी जीव लावला. एरिक बॅरोन यांनी 'स्टारड्यू व्हॅली'ची चित्रं स्वतःच काढली, आणि सुरुवातीची टाकून देऊन पुन्हा पुन्हा नव्याने काढली. अगदीच काही जमत नसेल तर केनी किंवा ओपनगेमआर्ट या वेबसाइटवर कलाकारांनी आपखुशीने खुले केलेले ॲसेट आहेत. ते वापरलेला गेम ओबडधोबड दिसेल. दिसू दे. ओबडधोबड चौकोनाकडे बघून मला कळतं की हा दगड आहे आणि मी त्यावर उभी राहू शकते.

मोठ्या स्टुडिओंबद्दल मात्र मला अशी सहानुभूती वाटत नाही. त्यांची ठरलेली सबब म्हणजे प्लेसहोल्डर, खरं काम होईपर्यंत जागा भरायला तात्पुरतं टाकलेलं काहीतरी. जून २०२५ मध्ये 'द ऑल्टर्स'मध्ये पडद्यावरच्या एका मजकुरात एआयचं उत्तर जसंच्या तसं सापडलं. स्टुडिओने सांगितलं, तात्पुरतं टाकलं होतं, काढायचं राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'एनो ११७: पॅक्स रोमाना'च्या लोडिंग स्क्रीनवरच्या चित्राबाबत युबिसॉफ्टचं उत्तर तेच. 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३'मध्ये एप्रिल २०२५ ला गेम आला तेव्हा काही टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) एआयची होती, ती काही दिवसांत बदलली गेली. तीही प्लेसहोल्डरच.

ही माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. मला वाटतं ती खरंच विसरली असतील, आणि दोष तिथेच आहे. कपडा शिवताना कच्चा टाका मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालतात, म्हणजे नंतर काढायचा राहत नाही. गेम बनवणाऱ्यांनाही ही अक्कल फार पूर्वीपासून आहे. कच्ची पातळी राखाडी ठोकळ्यांची असते. वाल्वच्या सोर्स इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, टेक्स्चर सापडलं नाही की जांभळ्या-काळ्या चौकटी डोळ्यांवर येतात. तात्पुरती गोष्ट ओरडून सांगते, की मी तात्पुरती आहे. एआयचं प्लेसहोल्डर पहिल्या दिवसापासून तयार मालासारखं दिसतं. त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. ते बदलायचं कुणाला सुचत नाही, आणि एखाद्या कलाकाराला तिथे काय असावं याचा विचारही करावासा वाटत नाही, कारण जागा भरलेली दिसते.

'एक्स्पिडिशन ३३' मला अतिशय आवडतो, हेही सांगते. त्यातलं जवळजवळ सगळं माणसांनी मन ओतून केलेलं काम आहे आणि द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला मिळालेला मान योग्य होता. तरी डिसेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र गेमसाठीच्या इंडी गेम अवॉर्ड्सने दिलेले दोन पुरस्कार परत घेतले, तेही मला बरोबर वाटतं. प्रवेशिका भरताना जनरेटिव्ह एआय वापरलं नाही असं सांगितलं गेलं होतं. नियम स्पष्ट होता. चार टेक्स्चरसाठी एवढी शिक्षा, असं अनेकांनी लिहिलं, पण प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता.

ज्या चित्रांवर ही मॉडेल शिकली त्यांच्या मालकांचं काय, हा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. लायन-५बी या संचात ५ अब्ज ८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, इंटरनेटवरून गोळा केलेल्या, कुणालाही न विचारता. ग्रेग रुटकोव्स्की हे कल्पनारम्य गेमसाठी चित्रं काढणारे पोलिश कलाकार. त्यांचं नाव लोकांनी प्रॉम्प्टमध्ये इतकं वापरलं, की त्यांच्या नावाने शोधल्यावर त्यांनी न काढलेली चित्रं समोर येऊ लागली. यावर वेगळं काय बोलायचं.

त्याहून कमी बोललं जातं ते नवशिक्यांबद्दल. स्टुडिओत नवीन आलेल्या मुलीला कुणी नायकाचा चेहरा काढायला देत नाही. तिला पिंपं मिळतात, कंदील, ढाली, औषधाच्या बाटल्या, मेन्यूतले आयकॉन. शंभर पिंपं काढल्यावर तिला कळतं, की फुटणारं पिंप न फुटणाऱ्या पिंपापेक्षा वेगळं कसं दाखवायचं. नऊ पात्रांच्या बाह्यरेषा ठरवणारी माणसं या वाटेने तयार होतात. आज एआयला सगळ्यात आधी जे काम दिलं जातंय ते नेमकं हेच, पिंपं आणि आयकॉन.

आवाज देणाऱ्या कलाकारांनी निदान लढा दिला. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेचा व्हिडिओ गेम संप जुलै २०२४ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात करार होईपर्यंत चालला. आवाजाची डिजिटल प्रतिकृती करायची तर संमती हवी, हे त्यांनी लिहून घेतलं. चित्रकारांच्या मागे एवढी मोठी संघटना नाही. आणि जुन्याला चिकटून बसलेल्या खेळाडूंचीच ही ओरड आहे असं कुणाला वाटत असेल, तर गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सची वार्षिक पाहणी बघा. जनरेटिव्ह एआयचा या उद्योगावर वाईट परिणाम होतोय असं म्हणणारे २०२४ मध्ये १८ टक्के होते, २०२५ मध्ये ३० टक्के, २०२६ मध्ये ५२ टक्के. ही गेम बनवणारी माणसं आहेत.

मग मला काय हवंय? बंदी मी मागत नाही. मला नेमकी माहिती हवी आहे. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर गेम टाकणाऱ्याला एआयचा वापर जाहीर करावा लागतो. एपिक या गेम कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हणाले, की पुढे जवळजवळ प्रत्येक गेममध्ये एआय असणार, तेव्हा दुकानांत असा शिक्का लावण्यात अर्थ नाही. मला याच्या उलट वाटतं. वापर जितका वाढेल तितकं नेमकं सांगायला हवं. 'काही ॲसेटसाठी एआयची मदत घेतली' या वाक्यातून मला काहीच कळत नाही. कुठले ॲसेट? भिंतीवरची चित्रं? पात्रांचे चेहरे? नकाशे? कोडं असलेल्या खोलीतलं काही आहे का? माणसाने त्यावर पुन्हा हात फिरवला का? दोन-तीन ओळींत लिहिता येईल इतकंच हे आहे.

सध्या मी विकत घेण्याआधी स्टीमच्या पानावर खाली जाऊन ती सूचना वाचते आणि ती मोघम असली तर चर्चेच्या भागात डेव्हलपरला वरचेच प्रश्न विचारते. उत्तर आलं नाही तर गेम विशलिस्टमधून काढते. काही छोट्या टीम मात्र खूप आपलेपणाने सांगतात, कच्ची रेखाटनंही दाखवतात. तुम्हाला असं नेमकं उत्तर कुठल्या गेमकडून मिळालं असेल तर त्याचं नाव खाली लिहा. मला ते गेम घ्यायचे आहेत.