डोमेनची मुदत नेमकी कोणती खरी?

किती वेळा तेच तेच समजावून सांगायचं! काल परत लातूर एमआयडीसीतल्या एका दाळमिलवाल्या काकांचा फोन. "वेबसाइट बंद पडली, मेल येईनात. तुम्हीच तर पाहून सांगितलं होतं ना, अजून वर्षभर मुदत हाय म्हणून?" हो, सांगितलं होतं. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नाव-पत्त्याची, माहिती काढली तेव्हा पुढच्या वर्षाची तारीख ढळढळीत दिसत होती.

घोळ इथंच आहे. मुदत संपली की डॉट कॉमची रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणारी संस्था) आपोआप एक वर्ष वाढवून टाकते आणि रजिस्ट्रारला (गिऱ्हाइकाला डोमेन नोंदवून देणारी कंपनी) ४५ दिवसांची सवड देते. गिऱ्हाइकानं पैसे भरले नाहीत तर तेवढ्यात रजिस्ट्रार डोमेन काढून टाकू शकतो. म्हणजे कागदावर तारीख पुढची, अन् मेल मात्र ठप्प! ऐन तुरीच्या हंगामात व्यापाऱ्यांचे भाव कुठं यायचे?

२८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांना डोमेनची नोंद दाखवणाऱ्या जुन्या 'हूइज' पद्धतीची सक्ती उरली नाही, तिच्या जागी नवं 'आरडॅप' आलं. बरं झालं. पण रजिस्ट्री, रजिस्ट्रार, रजिस्ट्रंट (म्हणजे डोमेन ज्याच्या नावावर तो) ही एकसारखी नावं तशीच! काकांनी रजिस्ट्रारचं नाव वाचलं आणि घाबरून विचारलं, "माझं डोमेन ह्याच्या नावावर कसं झालं?" सातबाऱ्यावर तलाठ्यालाच मालक समजावं, तशी गत.

अरे, त्या तारखेशेजारी एवढं तरी लिहा, की ही रजिस्ट्रीची तारीख आहे, पैसे भरल्याची पावती नव्हे!