तिथीची पाऊणपट, विजयदुर्गाचा हेलियम आणि इंजिनिअरिंगची परीक्षा

कोकणच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, आज भरती किती वाजता? तो आधी तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, आणि पुढची भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कागद लागत नाही, नेटवर्क लागत नाही.

आता यातलं इंजिनिअरिंग बघा. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, त्यात तिथी ३०. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पूर्ण २४ तास मागे पडतो. २४ भागिले ३०, म्हणजे दर तिथीला ०.८ तास, ४८ मिनिटं. पाऊणपटीने येतात ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासाची होते. मग कृष्ण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि वेळ सव्वाअकरावरून एकदम पाऊणवर जाते. समुद्र काही एका दिवसात दीड तासाची उडी मारत नाही. ती नियमाची उडी आहे. शिवाय भरती रोज सारखी पुढे सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) ती सरासरीपेक्षा कमी सरकते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा) जास्त, आणि खाडीत आत गेलं की मुखापेक्षा उशिरा पोचते. एवढं सगळं असूनही होडी कधी काढायची हे ठरवायला नियम पुरतो. मूळ संख्या, सोपी केलेली संख्या, त्यातून आलेली चूक आणि ती चूक कुठे चालते: न्यूमरिकल मेथड्सच्या पहिल्या प्रकरणात हेच तर शिकवतात.

हे लिहायचं कारण असं, की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधली इंजिनिअरिंगची मुलं तीन वेगळ्या वह्या करतात. एक सेमिस्टरची, एक स्पर्धा परीक्षेच्या जीकेची, आणि किल्ले, कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) ही रविवारची हौस. माझं ठाम मत आहे की वही एकच असावी. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या पूर्वपरीक्षेत पहिला पेपर सामान्य अध्ययन आणि इंजिनिअरिंग अ‍ॅप्टिट्यूडचा आहे, २०० गुणांचा. दुसरा तुमच्या शाखेचा, ३०० गुणांचा. पहिल्या पेपरात चालू घडामोडींबरोबर मटेरियल सायन्स, पर्यावरण, गुणवत्ता, प्रकल्प व्यवस्थापन सगळं येतं. तिथे पाठांतराची जीके फार काळ टिकत नाही.

पाठांतराचं काय होतं, याचं उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातला विजयदुर्ग किल्ला. ‘हेलियमचा शोध १८६८ मध्ये लॉकयर यांनी विजयदुर्गावरून लावला’ हे वाक्य जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना पाठ आहे. पण १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण ज्यांनी भारतातून पाहिलं त्यांतले एक फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन, आणि ते होते आंध्रात गुंटूरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबर १८६८ ला, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळा काढलेलाही होता. यात विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. सूर्याच्या अभ्यासासाठी जगातून माणसं आपल्या किल्ल्यावर आली, हे खरंच आहे आणि अभिमानाचंही आहे. फक्त साल खरं लिहा.

सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा सोडियमच्या रेषांना अगदी खेटून असते. त्या शोधाची ही अडचण पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये मोजता येते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, हेलियमची ५८७.६ वर. एका बाजूला फट असलेल्या बंद खोक्यात जुनी सीडी बसवा आणि ती ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेषा) म्हणून वापरा. तिच्या दोन वळ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. पहिल्या क्रमाला कोन येतो साडेएकवीस अंशांच्या आसपास, आणि सोडियम-हेलियममधला फरक अंशाच्या जेमतेम ०.०७ भागाइतका. खोक्याची फट दोन-तीन मिलिमीटर ठेवलीत तर सगळं एकात एक मिसळतं. दाढीच्या ब्लेडची दोन पाती अगदी जवळ चिकटवून फट करा, आणि ती सीडीच्या वळ्यांना समांतर ठेवा. ट्यूबलाइटवर आधी सराव करा. सूर्याकडे थेट अजिबात बघायचं नाही, सीडीतूनही नाही.

सिंधुदुर्ग किल्ला घ्या. १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. गाईड याला चमत्कार म्हणतात, सिव्हिलच्या मुलाने म्हणू नये. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड, घनता साधारण १.००० आणि १.०२५. त्यामुळे पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर एक हिस्सा असेल तर खाली चाळीस हिस्से. भूजल पातळी ३० सेंटिमीटर वर असेल तर गोडं पाणी खाली १२ मीटरपर्यंत. पण उलटही तेवढंच खरं: पातळी १० सेंटिमीटर उतरली की खारं पाणी ४ मीटर वर चढतं. कातळात पाणी फटींतून चालतं, म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजायचा. तरी किनाऱ्यावरच्या गावांत विहिरीला मोठा पंप बसवल्यावर एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ का होतं, याचं उत्तर इथेच आहे. रहाटाने थोडं थोडं पाणी निघायचं, पंप एका तासात पातळी ओढतो. भूजलाच्या पेपरात हा प्रश्न आला तर सूत्राखाली मालवणची विहीर काढा.

चिऱ्याबद्दल एकच सांगते, कारण मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलला हमखास चूक होते. जांभ्याचं पाणी शोषण काढताना खाणीतून आलेला ओला चिरा तसाच वजनाला घेतात. तो १०५ अंशांवर २४ तास, वजन स्थिर होईपर्यंत, सुकवलाच पाहिजे. मग २४ तास पाण्यात, बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसून वजन. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन. नीट सुकला नाही तर शोषण कमी दिसतं, पुसला नाही तर जास्त. आणि हा आकडा हातात आला की किल्ल्यांच्या चुन्यातल्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरणं का चुकीचं, हे आपोआप कळतं. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक आणि बंद, त्यामुळे ओल आणि खार चिऱ्यातून बाहेर पडायला बघतात, मिठाचे खडे पृष्ठभागाच्या आत धरतात आणि सांधे शाबूत राहून चिराच भुगा होऊन गळतो.

कोकण रेल्वेवर थोडक्यात. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पूल पानवलचा आहे, पनवेलचा नाही. उत्तरपत्रिकेत हे सर्रास चुकतं. त्याचा गर्डर एका टोकाला ओतून जॅकने पुढे ढकलत नेला. सरकताना गर्डरचा प्रत्येक भाग कधी खांबावर असतो, कधी दोन खांबांच्या मध्ये, म्हणून वरून आणि खालून दोन्हीकडे ताण येतो आणि ढकलण्याच्या काळातला प्रीस्ट्रेस (तारा ताणून काँक्रीटला आधीच दिलेला दाब) मध्यावर ठेवावा लागतो. एवढं समजलं तर तीन पानांच्या नोट्स नकोत.

आता कातळशिल्पं. आधी यादी नीट करा. ११ जुलै २०२५ ला जागतिक वारसा झाली ती मराठा लष्करी भूदृश्यं, बारा किल्ले मिळून एकच स्थळ. अकरा महाराष्ट्रातले, जिंजी तमिळनाडूतला. रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच आपल्या कोकणातले. कातळशिल्पं मात्र २०२२ पासून तात्पुरत्या यादीत आहेत, अजून जागतिक वारसा नाहीत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ अशी ती नऊ ठिकाणं.

कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मुलांनी मिळून करावं असं काम इथे आहे: मोबाइलच्या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल. पावसात चरांत पाणी साचतं आणि मागाहून सड्यावर (कातळाच्या सपाट पठारावर) गवत, म्हणून गवत वाळल्यावर जा. ढगाळ सकाळ उत्तम. स्वतःची सावली चित्रात येऊ देऊ नका. सावली सरकली की सॉफ्टवेअरला खुणा जुळत नाहीत. फोकस आणि एक्स्पोजर लॉक, झूम आणि वाइड लेन्स बंद. शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सारखा यायला हवा. एक मीटरच्या निदान दोन पट्ट्या लांब लांब ठेवा, एका पट्टीने माप बसवायचं आणि दुसरीने तपासायचं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे. तिथे एका टोकाला ठेवलेल्या एकाच पट्टीवर भागत नाही.

सगळ्यात नेहमीची फजिती म्हणजे सपाट सडा मॉडेलमध्ये पोळीसारखा मधे फुगतो. सगळे फोटो सरळ खाली बघून काढले की लेन्सची वक्रता सॉफ्टवेअर जमिनीवर लादतं. उपाय साधा: आणखी एक फेरी कॅमेरा तिरका धरून, चारही बाजूंनी. मॉडेल करणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण पूर्ण मॉडेलला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते कॉलेजच्या लॅबमध्ये आहे का ते आधी बघा. आणि कृपा करून चरांत खडू, चुना, रंग भरू नका, पाणी ओतू नका, चपला घालून चित्रावर चालू नका. फोटो उठून दिसण्यासाठी केलेलं हे काम पुढच्या माणसाचं माप बिघडवतं.

गेटची (एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्यांसाठी शेवटी. ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश वजा, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. संख्या लिहायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, तेव्हा ते कोरे सोडू नका; मधल्या पायऱ्यांत आकडे तोडू नका, शेवटीच तोडा. अनेक बरोबर पर्यायांच्या प्रश्नात अर्धे गुण मिळत नाहीत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच, म्हणून सरावही त्याच्यावरच. फॉर्म बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे निघतो. फोटो, सही, जातीचा दाखला हे सगळं ठरलेल्या मापात करून गावी जायच्या आधीच भरून टाका. वाडीत रेंज नसते, आणि विसर्जनाच्या दिवशी पावसात लाइट गेली की ती कधी येईल ते सांगता येत नाही.