हिमनदी कुणीही फोडलेली नाही

"पर्यावरणाच्या नावाखाली कलाकारांनी ग्रीनलंडची हिमनदी फोडली, लंडनच्या रस्त्यावर वितळवली, समुद्र वाढवला, वर टनावारी धूर सोडला. आता हेच लोक म्युझियममधली चित्रं सूप ओतून नासवतात." हा फॉरवर्ड आमच्या मामांनी काल माझ्या भाचीला पाठवला. खाली वाक्य जोडलं, "हेच शिकायला जाणार का?" ती चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतेय. त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

फॉरवर्डमध्ये जिच्यावर राग काढलाय ती कलाकृती म्हणजे 'आइस वॉच': ग्रीनलंडच्या बर्फाचे मोठे तुकडे शहरात उघड्यावर वितळत ठेवायचे. कलाकार ओलाफर एलियासन आणि ग्रीनलंडमध्येच जन्मलेले भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी ती 2014 मध्ये कोपनहेगनला, 2015 मध्ये हवामान परिषद भरली तेव्हा पॅरिसला आणि 2018 मध्ये लंडनला मांडली. हिमनदीला कुणी हात लावला नाही. ग्रीनलंडची राजधानी नूकजवळच्या समुद्राच्या फाट्यात आधीच तुटून तरंगणारे बर्फाचे तुकडे बाहेर ओढले आणि थंड कंटेनरमधून आणले. तिथेच राहिले असते तरी वितळलेच असते. लंडनला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर 24 तुकडे ठेवले होते. लोक त्यांना कान लावून उभे राहायचे, कारण बर्फात हजारो वर्षं दाबली गेलेली हवा बुडबुडे फुटताना तडतडते. तापमानवाढीच्या आलेखातली रेघ बघून कुणी असं थांबत नाही. "यात कला कसली?" या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

आणि म्हणे समुद्र वाढला! सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ वितळला म्हणून सरबत सांडतं का? तरंगणाऱ्या बर्फाने पाण्यात आपली जागा आधीच घेतलेली असते. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्यामुळे. नासाच्या उपग्रहांच्या मोजणीनुसार 2002 पासून ग्रीनलंड दरवर्षी सरासरी सुमारे 270 अब्ज टन बर्फ गमावतंय. पॅरिसला आणलेला सगळा बर्फ होता 80 टनांच्या आसपास. या वेगाने तेवढा जायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. संताप करायचा तर या आकड्यावर करा.

सूपचं थोडक्यात. ऑक्टोबर 2022 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या 'सनफ्लॉवर्स'वर सूप फेकलं ते 'जस्ट स्टॉप ऑइल' या ब्रिटनमधल्या आंदोलक गटाच्या दोन कार्यकर्त्यांनी. 'आइस वॉच'शी त्याचा काही संबंध नाही. चित्रावर काच होती, नुकसान झालं ते चौकटीचं. मलाही तो प्रकार पटलेला नाही.

राहिला धूर. तो झाला, हे मान्य करावंच लागेल. बर्फ आपोआप चालत येत नाही. पॅरिसच्या मांडणीचं उत्सर्जन सुमारे 30 टन कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं. पण हा आकडा कुणी खणून काढलेला नाही. कलाकारांनीच तो 'जुलीज बायसिकल' या संस्थेकडून मोजून घेतला आणि स्वतःहून जाहीर केला. फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच गाळलंय.