"नाटक करतोय, सिस्टर"

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

भाचीला जेलच्या दवाखान्यात पोस्टिंग मिळालं. पहिली नोकरी, पोरगी खूश. आणि आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय यावा? "एवढं शिकून चोर-दरोडेखोरांची सेवा करायची? बदलीचा अर्ज टाक लगेच." त्याखाली धडाधड अंगठे. मग दुसऱ्याचं, "त्यांना औषधं फुकट आणि आम्ही बिलं भरतोय." परत अंगठे. पोरीने बिचारीने काहीच उत्तर दिलं नाही. मी अकरा वर्षं हेच काम केलंय हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहितीये, तरी टाकलं.

मला ते वाचून एकच माणूस आठवला. नोकरीचं पहिलं वर्ष, दुपारचं औषधवाटप. गजांपलीकडे रांग, एकेकाने पुढे यायचं, गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. ह्याच्या हातातला ग्लास इतका हलत होता की निम्मं पाणी शर्टावर. म्हणाला, "सिस्टर, झोप नाही, हात थांबत नाहीत." मागून शिपाई म्हणाला, "नाटक करतोय, सिस्टर. उद्या तारीख आहे त्याची." आणि मी पुढचं नाव पुकारलं.

रात्री त्याला फिट आली.

रोज पिणारा माणूस, अटक झाल्यापासून थेंब नाही. दारू अशी एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, भिंतीवर नसलेले किडे दिसायला लागतात, आणि वेळेत उपचार नाही झाले तर माणूस जातो. हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते हो! समोर घामाघूम उभा होता आणि मी त्याचं मनगटसुद्धा हातात घेतलं नाही. वाचला तो, रात्रपाळीच्या सिस्टरने आरडाओरडा करून त्याला मोठ्या हॉस्पिटलला हलवायला लावलं म्हणून वाचला.

त्याने काय केलं होतं म्हणून आत होता? मला आजही माहीत नाही. चोरी असेल, मारामारी असेल, याहून वाईटही असेल, किंवा काहीच केलं नसेल, आत असलेल्या सगळ्यांना शिक्षा झालेली नसते, कित्येकांची केस अजून चालूच असते. पण ते ठरवायला कोर्ट आहे ना? कोर्ट कैदेची शिक्षा देतं, फिट येऊन मरण्याची नाही.

आणि हे फक्त माझ्या मनाचे लाड नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांच्या वागणुकीचे नियम नव्याने केले, त्यांना मंडेला नियम म्हणतात, २७ वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव. त्या माणसाला १९८८ मध्ये तुरुंगात असतानाच टीबी झाला होता. नियम २४ म्हणतो बाहेरच्या लोकांना मिळतात त्याच दर्जाचे उपचार आत मिळाले पाहिजेत, तेही फुकट. आणि नियम २७ तर मी पाठच केलाय, उपचाराचा निर्णय फक्त आरोग्यातल्या माणसाने घ्यायचा, जेलच्या इतर स्टाफने तो फिरवायचा नाही. म्हणजे त्या दुपारी "नाटक" हा शब्द माझ्या कानापर्यंत आला तरी हातापर्यंत यायला नको होता. बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या बाईला बेड्या घालू नका, हेसुद्धा तिथे लिहून ठेवावं लागलंय. वाचा परत एकदा. हे लिहून ठेवावं लागतं!

फुकट फुकट काय करता? तुम्हाला ताप आला तर तुम्ही उठून डॉक्टरकडे जाता, पटला नाही तर दुसऱ्याकडे जाता. आतल्या माणसाच्या हातात यातलं काय आहे? दार आपण बाहेरून लावलंय. रात्री दोनला छातीत दुखलं तर तो गज वाजवणार, आणि शिपायाला वाटलं तर सिस्टरला निरोप येणार. आणि टीबी? गर्दी, कोंदट हवा, आत तो बाहेरपेक्षा कितीतरी जास्त पसरतो, आणि सुटलेला माणूस अर्धवट कोर्स घेऊन तुमच्या शेजारीच राहायला येतो.

नाटक करणारे असतात, मान्य. गोळी गालात दाबून नंतर विकणारे मी स्वतः पकडलेत, जीभ उगाच वर करायला लावत नाही. आणि ज्यांच्या घरातलं माणूस अशा कुणामुळे गेलंय त्यांना माझं हे सगळं टोचेल, त्यांच्यापुढे मी तोंड उघडणार नाही. पण अंगठे देणाऱ्यांपैकी कुणाचं काय गेलंय?

लिहिता लिहिता जरा शांत झाले. तो शिपाईही वाईट नव्हता हो. ड्युटी करून पाय सुजलेले असायचे त्याचे, रोज शंभर खोट्या तक्रारी ऐकून कान मेलेले. त्या रात्री फिट आल्यावर त्याला कुशीवर वळवून धरलं ते यानेच. नंतर नवीन कुणी आत आला की तोच आधी येऊन सांगायचा, "सिस्टर, जरा ह्याचे हात बघून घ्या."

तो माणूस परत आल्यावर पुन्हा माझ्याच रांगेत उभा राहिला. मी त्याचं मनगट धरलं, पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, मागची रांग कुरकुरत होती. तो काही बोलला नाही, मीही सॉरी म्हणू शकले नाही. ग्लास मात्र त्या दिवशी हलला नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ग्रुपचं काहीच बोलली नाही. विचारलं, "मावशी, पहिल्या दिवशी काय नेऊ?" म्हटलं, फोन आत नेता येणार नाही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागेल. माझं आहे अजून, पट्टा तेवढा बदलून घे.